दुसऱ्याच्या आईला लिहिलेली पत्रे

वर्ध्याच्या कचेरीच्या आवारात कडुनिंबाखाली बसून मी लोकांसाठी हजारो अर्ज आणि नोटिसा लिहिल्या. स्वतःसाठी मात्र एकच नोटीस लिहिली. ती कारंजा घाडगे येथील एका माणसाला होती आणि तिच्यातली मागणी एवढीच होती, की त्याने माझा थोरला भाऊ मला परत करावा.

ही मागणी कोणत्या कायद्यात बसते, असे त्या वेळी एका वकिलाने मला हसत विचारले होते. बसत नाही, हे मला ठाऊक होते. गाय पळवली तर फिर्याद होते, बांध कोरला तर दावा होतो. परंतु चौतीस वर्षांचा पुरुष आपल्या पायांनी चालत दुसऱ्याच्या घरी राहायला निघाला, तर मागे राहणाऱ्याच्या हाती कायदा काहीही देत नाही. तरीही मी नोटीस लिहिली, रजिस्टर पोस्टाने पाठवली आणि पोचपावती जपून ठेवली. ती अजून माझ्याजवळ आहे. तो माणूस आज हयात नाही. म्हणून माझा राग गेला, असे मात्र कोणी समजू नये. प्रतिवादी मेल्याने दावा मरत नाही, वारस लावता येतात. येथे अडचण अशी, की त्या माणसाच्या वारसांत माझीही गणना करावी लागते. ती कशी, ते मला येथे नोंदवायचे आहे.

नावे मी लिहिणार नाही. भावाला मी दादा म्हणत असे. त्या माणसाला मी कारंजावाला म्हणे, तोंडावर आणि पाठीमागेही. तो मला वकीलसाहेब म्हणे. मी वकील नाही, साधा अर्जनवीस आहे, हे पुरते माहीत असताना.

दुसरे महायुद्ध भरात असताना दादा पलटणीत भरती झाला. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. आम्ही नालवाडीला राहत होतो. वडील आधीच वारले होते. घरात आई आणि मी, आणि चार एकर वावर, तेही बटईने दिलेले. दादा चौथीपर्यंत शिकला होता. छावणीतून त्याची पहिली दोन पत्रे आली, ती वेड्यावाकड्या अक्षरांत, तीन-तीन ओळींची. मग त्याची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली आणि पत्रे एकाएकी बदलली. अक्षर गोल झाले, ओळी सरळ झाल्या, कागद दोन्ही बाजूंनी भरू लागला. आईला वाचता येत नव्हते, पण कागदाकडे पाहून तिलाही फरक कळला. ती शेजारणींना सांगे, "पलटणीनं पोराचं अक्षर सुधरवलं माय."

त्या पत्रांत लढाईचा एक शब्द नसे. पत्र तपासणाऱ्या साहेबाच्या कात्रीखालून जाई हे खरे, पण कात्री लागावी असेही त्यांत काही नसे. डाळीत किती खडे निघाले ते असे. नदीच्या काठाशी अडून बसणारे आणि मराठीत शिव्या दिल्याशिवाय पाण्यात पाय न टाकणारे एक खेचर त्यांत असे. मी त्या पत्रांना लांबलचक उत्तरे लिही. गणितात नापास झालो ते लिहिले. मास्तरांच्या परसातले पेरू तोडले आणि आळ दुसऱ्यावर जाऊ दिला, हे मी आईला कधी सांगितले नाही, पण दादाला लिहिले. घरातून पळून पलटणीत यायचा बेत केला, तोही लिहिला. त्यावर उत्तर आले, "बंदूक अजून तुझ्याहून उंच आहे. आधी तिला उंचीत मागे टाक, मग माझ्याकडे ये." ते वाक्य मी शाळेत सगळ्यांना वाचून दाखवले. असा भाऊ वर्गात दुसऱ्या कोणाला नव्हता.

मी चौदा वर्षांचा असताना आई तापाने गेली. दादाला ती बातमी मीच लिहिली. मामा मला सिंदी मेघेला घेऊन गेले आहेत आणि शाळेतून काढून औतावर घालणार म्हणतात, हेही शेवटी लिहिले. दीड महिन्याने उत्तर आले. ते मला आजही तोंडपाठ आहे.

"आईचे शेवटचे पाणी तू पाजलेस. मला ते मिळाले नाही, म्हणून तू माझ्याहून मोठा झालास. लोकांपुढे रडू येत नसेल तर विहिरीवर जा. रहाट चालू असतो तेव्हा माणसाचे रडणे कोणाला ऐकू येत नाही. मात्र रडून झाल्यावर रिकाम्या हाताने घरी येऊ नकोस, घागर भरून आण."

त्याच टपालाने मामांनाही वेगळे पत्र आले होते. पोराला शाळेतून काढलेत तर मी परत आल्यावर आपली गाठ आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. मामा आठ दिवस धुसफुसले, पण माझी शाळा राहिली.

मला आलेल्या त्या पत्रातली एक गोष्ट मला तेव्हाही खटकली होती. आमच्या नालवाडीच्या विहिरीला रहाट नव्हता. आम्ही दोर टाकून हाताने पाणी शेंदत होतो. लढाईच्या गोंधळात दादा घरची विहीर विसरला, असे मी मनाशी ठरवले आणि त्याला क्षमा केली. तेवढ्यासाठी अर्धा कोस चालून एका बागायतदाराच्या मळ्यात गेलो, रहाट चालू होईपर्यंत थांबलो आणि मग रडलो.

पुढे मी अर्जनवीस झालो तो या पत्रांच्या बळावर. मोजके लिहावे, विनवणीत लाचारी येऊ देऊ नये, आणि शेवटी समोरच्याच्या हाती काहीतरी करण्यासारखे ठेवावे, हे मला कोणत्याही मास्तराने शिकवले नाही. माझ्या अर्जाने साहेब विरघळतात, असे लोक म्हणत, तेव्हा मी म्हणे, "आमच्या दादाचा हात आहे माझ्यावर."

युद्ध संपले, मी मामांकडून नालवाडीच्या घरी परतलो आणि दादा आला. पत्रांतल्या माणसाची मी चार वर्षे वाट पाहिली होती. दारात उभा राहिला तो दुसराच कोणी होता. विचारले तेवढेच बोले. वावर परत ताब्यात घेऊन राबू लागला, पण पाठ भिंतीला लागल्याशिवाय जेवायला बसत नसे. दुपारी कापसाच्या जिनाचा भोंगा वाजला की त्याचा घास हातातच राही. भोंगा थांबे, पण तो घास तोंडात जात नसे. पान तसेच सोडून तो उठे आणि वावरात जाऊन बसे. मी खेचराची आठवण काढली, तर तो म्हणाला, "कोणतं खेचर?" मला वाटले, तो मला टाळतो आहे.

कारंजावाला पहिल्यांदा घरी आला तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, नुकतेच माझे लग्न झाले होते. उंच, काळासावळा, डाव्या कानाची पाळी अर्धी गेलेली. दादाच्या पलटणीतला, एकाच तुकडीतला. तो आला, ओसरीवर बसला, त्याने दादाच्या ताटातली भाकरी न विचारता मोडली आणि खाऊ लागला. दादाच्या ताटाला माझ्या बायकोचा वाढताना हात लागला तरी तो दचके. त्याने मात्र ताट त्या माणसाकडे सरकवून दिले.

तेवढ्यात भोंगा वाजला. दादाचा हात थांबला. कारंजावाल्याने तोंडातला घास खाली न उतरवता, भिंतीकडे पाहत म्हटले, "आपला नाई."

आणि दादा जेवू लागला.

मी नंतर विचारले, तेव्हा कारंजावाल्याने समजावून सांगितले. तोफगोळा येताना शीळ वाजते. शीळ ऐकली की खंदकातल्या दोघांपैकी एकाने "आपला नाई" म्हणायचे. आपल्यावर पडणारा असता तर म्हणायला माणूस उरला नसता. म्हणून जो म्हणतो त्याचे नेहमीच खरे ठरते. "लय सोपं हाय वकीलसाहेब," तो म्हणाला. "फक्त म्हणणारा पाह्यजे."

मग तो दर महिन्याला येऊ लागला. दोघे ओसरीवर तासन्‌तास बसत. बोलत फार नसत. मी आत बसून लिहिण्याचे मिष करी आणि कान बाहेर ठेवी. ऐकू येई ते असे: "तो मद्राशी आठवते?" "कोणता, डब्बेवाला?" "हो." आणि दोघे हसत सुटत. त्यात हसण्यासारखे काय होते, मला आजतागायत कळलेले नाही. माझ्या भावाला हसताना पाहायचे, तर मला त्या माणसाच्या येण्याची वाट पाहावी लागे. ही गोष्ट मी कोणत्या तोंडाने कोणाला सांगणार होतो?

बायकोने मात्र ओळखले. एकदा तो निघून गेल्यावर ती भांडी गोळा करता करता म्हणाली, "तुम्ही सवतीसारखे काऊन करून राह्यले?"

"मी काय केले?"

"त्याईनं पाणी मागतलं तं तुम्ही अर्धा गिलास दिला."

मी अर्धा पेला दिला होता हे खरे आहे. नाकारण्याचे कारण नाही.

एक दिवस मी ते करून पाहिले, ज्याची मला आजही लाज वाटते. कारंजावाला महिनाभर फिरकला नव्हता. दुपारी मी आणि दादा जेवत होतो. भोंगा वाजला. दादाचा हात थांबला. मी भिंतीकडे पाहिले आणि म्हटले, "आपला नाई." स्वर अगदी तसाच लावला, मी घोकून ठेवला होता.

दादाने माझ्याकडे पाहिले. न सांगता आपली पेटी उघडणाऱ्याकडे माणूस जसे पाहील, तसे. त्याने ताट बाजूला सारले, हात धुतले आणि तो बाहेर गेला. दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही.

आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात जाणार म्हणून कचेरीत सगळीकडे कागदांचे ढीग लागले होते, त्या वर्षी कारंज्याहून एक कार्ड आले. इतक्या वर्षांत त्या माणसाने आम्हाला एक ओळ लिहिली नव्हती. काम असले की तो स्वतःच येई. या वेळी मात्र आजारी आईला सोडून त्याला निघता येत नव्हते. मजकूर असा होता: "वकीलसाहेबांस नमस्कार. अमरावती रस्त्यावर चहाचे हॉटेल टाकत आहे. दादा सोबतीला कायमचा आला तर बरे होईल. त्याची इच्छा आहे, पण तो तुम्हाला विचारायला कचरतो. वावर तुम्ही पाहावे. नाही म्हणायचे असेल तर मला म्हणा, त्याला म्हणू नका."

मी मजकूर नंतर वाचला. आधी अक्षर पाहिले. लोकांच्या सह्या ताडून पाहण्यात माझा जन्म चालला होता; मला दुसऱ्या ओळीवर जावे लागले नाही. मी पेटीतून दादाच्या पत्रांचा गठ्ठा काढला आणि आईच्या वेळचे पत्र त्या कार्डाशेजारी ठेवले. तोच गोल हात होता, तीच सरळ ओळ होती.

दादा वावरातून आला तेव्हा मी दोन्ही कागद त्याच्यापुढे ठेवले.

"हे पत्रं कोणी लिहिले, दादा?"

"मीच धाडले."

"धाडले कोणी ते नाई विचारत. लिहिले कोणी?"

तो खाली बसला. "त्यानं."

"सगळे?"

"पैले दोन सोडून."

"मायच्या वेळचं बी?"

दादाने कार्ड उचलले, उलटे केले, परत ठेवले. "तुले नाई समजणार, लहान्या."

एवढेच. बारा वर्षे ज्या पत्राला मी भाऊ समजून जवळ बाळगले, ते एका परक्या माणसाने लिहिले होते, आणि खुलासा म्हणून मला हे चार शब्द मिळाले. माझी जी काही अक्कल, माझा जो काही धंदा, तो त्या माणसाच्या उष्ट्यावर उभा होता. आणि आता तोच माणूस उरलासुरला भाऊही मागत होता. त्याच संध्याकाळी मी नोटीस लिहिली. दुसऱ्याच्या नावे पत्रे लिहून एका अज्ञान मुलाची फसवणूक केल्याबद्दल खुलासा द्यावा, आणि माझ्या भावास फूस लावणे बंद करून त्याचे मन पूर्ववत माझ्या घराकडे वळवावे, यास पंधरा दिवसांची मुदत.

आठ दिवसांनी मी कचेरीतून घरी आलो तेव्हा दादाची लोखंडी पेटी जागेवर नव्हती. बायकोने त्याला भाकरी आणि ठेचा बांधून दिला होता.

"तू त्याला जाऊ दिलंस?"

"मले विचारून जात होते का ते? रडून राह्यले होते, म्हून बांधून देल्लं."

दादा रडत होता, हे मला बायकोकडून कळले.

पुढच्या रविवारी गठ्ठा घेऊन मी आर्वीला मोटार बदलून कारंज्याला गेलो. रस्त्याच्या कडेला चार खांबांवर टिनाचे पत्रे टाकलेले हॉटेल होते. दोन ट्रक उभे होते. दादा भट्टीपाशी पेले विसळत एका ड्रायव्हरला काहीतरी सांगत होता आणि ड्रायव्हर हसत होता. दादा स्वतःहून बोलत होता. मला पाहून तो थांबला.

कारंजावाला पुढे आला. "या वकीलसाहेब. नोटीस पोचली. लय झकास लिहिली. मायले बी वाचून दाखवली."

"दुसऱ्याच्या नावाने पत्र लिहून खाली त्याची सही करणे, याला काय म्हणतात ते तुम्हाला माहीत आहे?"

"तिथं आम्ही त्याले टपाल म्हणत होतो," तो म्हणाला आणि बाकावरचे फडके उचलून त्याने मला जागा केली.

मी बसलो नाही. दादाने चहा आणून ठेवला आणि पुन्हा पेल्यांकडे गेला. मात्र पाणी ओतणे त्याने थांबवले होते. आमचे बोलणे त्याला ऐकू जात होते.

"पैला गोळा पडला त्या दिवशी दादा घरी पत्र लिहायले बसला," कारंजावाला म्हणाला. "'आई, मी सुखरूप आहे' एवढं लिहिलं अन् त्याच्यापुढे हात चालेना. बाजूलेच एक जण मरून पडला होता. आपल्या मायले खोटं लिहिता येत नाई, साहेब. माह्यंबी तसंच. म्हटलं, आण इकडे, तुह्या मायले मी लिहितो, तू माह्या मायले लिही. दुसऱ्याच्या मायले लिहिता येते. तिचं तोंड डोळ्यापुढे येत नाई न."

"आणि उत्तरे?"

"ज्यानं लिहिलं त्यानंच उत्तर फोडायचं अन् वाचून दाखवायचं. वाईट असलं तं आधी त्याले कळते, मग तो टाइम पाहून सांगते."

मी बाकावर बसलो. "म्हणजे माझी पत्रे तुम्ही वाचलीत."

"पाठ हायेत. पेरूवालं तं सगळ्या तुकडीनं ऐकलं."

"आणि माझी आई गेल्याचे?"

त्याने फडके घडी करून मांडीवर ठेवले. "सकाळी आलं ते पत्र. मी दिवसभर खिशात ठेवलं. तेव्हा पुढे जायचं होतं आम्हाले. त्याले सांगतलं असतं तं तो वाकला नसता, सरळ उभा चालला असता. दुसऱ्या दिवशी मागं आलो, तेव्हा सांगतलं."

माझ्या आईच्या मरणाची बातमी तिच्या मुलाआधी या माणसाला कळली होती आणि एक दिवस ती त्याच्या एकट्याची होती. या गोष्टीचा मला आजही हेवा वाटतो. हे लिहितानाही वाटतो आहे. हेवा वाटण्यासारखे त्यात काय, असे कोणी विचारील. त्याने माझी नोटीस पुन्हा पहिल्यापासून वाचावी.

तेवढ्यात हॉटेलामागून करकर असा आवाज सुरू झाला. मी मान वळवून पाहिले. मागे त्यांचे घर होते, परसात विहीर होती आणि विहिरीवर रहाट होता. कोणी तरी पाणी काढत होते. मी पुष्कळ वेळ त्या रहाटाकडे पाहत राहिलो. कारंजावाल्याने मी काय पाहतो ते पाहिले.

"तेल घातलं तरी वाजतेच," तो म्हणाला. "माहा बाप गेला तेव्हा मी तिथंच रडलो."

मग त्याने मला आत नेले. त्याची आई बाजेवर बसली होती. आजारातून उठलेली, हाडांची मोळी. तिने मला खालपासून वर न्याहाळले. "हाच का तो लहान्या?"

"हाच. कोर्टात नेणार हाय तुले."

"नेऊ दे. मोटारीत तं बसाले भेटन."

तिने उशाखालून पत्र्याचा डबा काढून माझ्या हाती दिला. डब्यात दादाची पत्रे होती, तिच्या मुलाच्या नावे तिला लिहिलेली. अक्षर तेच, छावणीतल्या पहिल्या दोन पत्रांतले, वेडेवाकडे. बहुतेक पत्रे तीन ओळींची होती. एकच लांब होते. ते कोणत्या दिवसाचे, ते मला विचारावे लागले नाही.

"माय, दंडवत. मी बरा हाय. तू जेवत जाजो. सगळ्याले वाढून तू उपाशी राह्यते, ते मले माईत हाय. ताप आला तं अंगावर काढू नको, डाक्टरले दाखवजो. माय, लहान्याले शाळेतून काढू देऊ नको. त्याचा हात लिहायचा हाय, औताचा नाई. तो लहान हाय, त्याले एकटं झोपवू नको. मी लय दूर नाई. तू फक्त जेवत जाजो."

कारंजावाला एकुलता एक होता. त्याला लहान भाऊ कधीच नव्हता.

"मास्तर वाचून दाखवत होते," म्हातारी म्हणाली. "मी म्हटलं, कोणता लहान्या? गोळीनं डोकं फिरलं का पोराचं? मास्तर म्हणे, दुसऱ्या कोणाचं पत्र चुकून आलं बाई, परत धाडू. मी म्हटलं, राहू द्या. माय म्हटलं न त्यानं. मी उत्तर धाडलं, नाई काढत शाळेतून, जेवतो बी मी."

मी पत्राची घडी घातली. दारात दादा उभा होता. तो कधी आला ते मला कळले नव्हते.

"मामाले मग यानं लिहिलं," दादा म्हणाला. "मले नाई जमलं."

मी उठून उभा राहिलो आणि रीतसर मागणी केली. माझ्याजवळचा गठ्ठा कारंजावाल्याच्या हातचा आहे, तो त्याने घ्यावा. डब्यातली पत्रे माझ्या भावाच्या हातची आहेत आणि त्यांतला लहान्या मी आहे, सबब ती मला मिळावीत. याहून न्याय्य तडजोड आजही मला सुचत नाही.

म्हातारीने माझ्या हातातून डबा काढून घेतला. "माह्या नावानं आले, माह्ये हायेत. तुले वाचायचे तं इथं येजो."

कायद्याने तिचेच बरोबर होते. पत्र ज्याला पोचले त्याचे. शेवटी मी तिच्याकडे त्या एका पत्राची नक्कल मागितली. तेवढी तिने करू दिली. हॉटेलाच्या बाकावर बसून, ट्रकच्या धुरळ्यात, मी माझ्या भावाचे पत्र अक्षरशः उतरवले. कचेरीतल्या सवयीने खाली "अस्सलबरहुकूम" असे लिहिले आणि साक्षीदाराची सही हवी म्हणून कारंजावाल्यापुढे कागद धरला. त्याने न हसता सही केली. गठ्ठा मी परत घेऊन निघालो. तो त्याने मागितला नाही. मीही दिला नाही.

मोटारीसाठी दादा माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आला. "वावराचं पाह्यजो," तो म्हणाला. मी म्हटले, पाहीन. परत चल, असे म्हणायचे मी घरून ठरवून आलो होतो. त्यासाठी तीन वाक्ये तयारही केली होती. भट्टीपाशी तो ड्रायव्हरशी बोलत होता ते डोळ्यांपुढून जात नव्हते. मी ती वाक्ये बोललो नाही.

तेवढ्यात समोरून येणाऱ्या ट्रकचे टायर फुटले. बार उडाल्यासारखा आवाज झाला. दादाने माझे मनगट धरले. एवढ्या जोराने त्याने मला लहानपणीही कधी धरले नव्हते. त्याचा चेहरा राखेसारखा झाला. ते दोन शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी दात आवळून तोंड बंद ठेवले.

मागून, हॉटेलातून, कोणतीही घाई न करता आवाज आला, "आपला नाई."

दादाचा श्वास सुटला. बोटे सैल झाली, पण त्याने हात सोडला नाही. मोटार येईपर्यंत माझे मनगट त्याच्या हातात होते. त्याच्या बोटांचे वळ मी आर्वीपर्यंत पाहत गेलो, आणि त्या बोटांना सैल करणारा आवाज माझा नव्हता, हेही आर्वीपर्यंत विसरलो नाही.

नोटीस मी मागे घेतली नाही. महिन्याभराने कारंज्याहून कार्ड आले. गोल अक्षर, सरळ ओळी, खाली दादाचे नाव. हॉटेल बरे चालते, पेल्यांचा एक डझन फुटला, म्हातारी तुझ्या नोटिशीची आठवण काढते, वगैरे. मी उत्तर लिहायला बसलो. "प्रिय दादा" लिहिले आणि थांबलो; हे पत्र आधी कोण फोडणार, ते मला माहीत होते. मग मी त्याच्या खाली पहिलीच ओळ अशी लिहिली: "हे पत्र कारंजावाल्याने माझ्या भावास मोठ्याने वाचून दाखवावे. मधला कोणताही मजकूर गाळू नये, खिशात ठेवू नये. तसे केल्याचे आढळल्यास कायदेशीर इलाज करणे भाग पडेल."